वॉल्वचं कपाळ

माझं माहेर आटपाडीकडचं आन सासर पाटणकडचं, म्हंजी जन्माची एक बाजू पार कोरडी आन दुसरी पार वल्ली, आसं आमची मंगल म्हणती. मंगल कोण ते सांगते पुढं. मी शालन. मी ल्हान होते तवा आमच्या गावात पाणी म्हंजी पाव्हणा, आला तर आला. आता तितं बी पाणी आलंय, डाळिंबं झाल्यात, भावानं सलापाचं घर बांधलंय, चांगलं चाललंय त्येचं. पण तवा आमी शेरडं राखायची आन आडाच्या तळाला जे झिरपायचं ते वाटीनं घागरीत भरायचं, एक बाई आत उतरायची आन वरच्या बायका तिला म्हणायच्या सांडू नगं गं, सांडू नगं. ते सांडू नगं माझ्या कानात आजून हाय बगा. आता बी कामावर कुणी नळ वाहता ठिवला की मी वराडते, मग समद्या बाया हसत्यात, म्हणत्यात आली बाई आटपाडी.

मग लगीन झालं पाटणला, कोयनंच्या खोऱ्यात. काय सांगू ताई तुमास्नी, पावसाळ्यात तितं भितीला पाणी, चुलीला पाणी, लाकडं वल्ली, अंथरूण वल्लं, पयल्या वर्साला मी रडलेच, म्हणलं ही माणसं वाळतात तरी कवा. आमचे ह्ये, सदाशिव त्येंचं नाव, आता नाव घ्यायला काय हरकत न्हाई, ते दुसऱ्याच्या उसात पाणी पाजायचे. दारं धरणं म्हणत्यात त्येला. पाटाचं पाणी आलं की एका सरीचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसरीचं उघडायचं, ती भरली की तिचं बुजवायचं, फुडची उघडायची, हातात खोरं घेऊन चिखलात उभं ऱ्हायचं. मी भाकरी घेऊन जायची आन तितंच बांधावर बसायची, मग त्येंनी मला बी शिकवलं. म्हणायचे, शालन, पाण्याला हाटकायचं न्हाई, त्येला वाट द्यायची, एक दार बंद करायच्या आदी दुसरं उघडायचं, न्हाईतर ते बांध फोडून आपली वाट आपुन काढतंय. लय शांत माणूस. भांडायला गेलं तरी भांडण लागायचं न्हाई त्येंच्यासंगं.

ते काविळीनं गेले. लेक तवा मांडीवर होती माझ्या. त्या दिवशी जावांनी माझं कुंकू पुसलं, त्येंचा काय राग न्हाई मला, त्येंनी बी रडतच पुसलं, तवा रीतच तशी. माझा लग्नातला कुंकवाचा करंडा होता पितळेचा, सासू म्हणली देऊन टाक कुणाला, पण मी दिला न्हाई, ट्रंकंत लुगड्याखाली ठिवला. तीच ट्रंक आन लेक घेऊन शिरवळला आले. तितं माझी मावसबहीण होती खोली करून, ती म्हणली ये, हितं कंपन्या लय हायत, हात असला की काम हाय. ते खरं निघालं.

पयल्यांदा झाडायला लागले. कंपनी आमची मोठी न्हाई, एक शेड आन मागं आंब्याचं झाड, पण काम झ्याक. वॉल्व तयार करतो आमी, हवेवर चालणारे. आता तुमी लिवताय तर नीट सांगते. आपल्या नळाला चावी असती का न्हाई, ती आपुन हातानं फिरवतो. पण डेअरीत, साखर कारखान्यात, मोठ्या नळांतनं दूध जातंय, उसाचा रस जातोय, वाफ जातीया, तितं कोण हातानं चाव्या फिरवत हिंडणार, आन हात भाजंल त्यो येगळाच. म्हणून ती चावी हवेनं फिरवायची. कॉम्प्रेसरची हवा करंगळीएवढ्या निळ्या नळीतनं येती, वॉल्वच्या डोक्यावर डबा असतो त्यात शिरती, आतल्या जाड स्प्रिंगेला दाबती, वॉल्व उघडतो. हवा सोडून दिली की स्प्रिंग उसळती आन वॉल्व बंद. म्हंजी लाईट गेली, हवा गेली, काय बी झालं तरी ते दार आपसूक बंद व्हायाच पायजे. एवढंच हाय समदं. पण आत गेलेली हवा भाईर पडायला एक तोंड लागतंय, आन त्या तोंडाला बोराएवढी पितळी टोपी बशिवत्यात, सायलेन्सर म्हणत्यात तिला, अंगभर डोळ्याला दिसणार न्हाईत आशी बारीक भोकं, त्यातनं हवा फुस्स करून जाती.

हे मला समजावून सांगितलं दीपक साहेबांनी. इंजिनेर हायत, वयानं माझ्यापेक्षा ल्हान, पण ताई म्हणून बोलणार. मी त्येंच्या टेबलाखालनं केरसुणी फिरवत होते, म्हणलं साहेब हे फुस्स काय होतंय, तर त्यो माणूस उठून दाखवायला लागला. मी बगितलं आन म्हणलं, आवं साहेब, हे तर दारं धरल्यावानी हाय, निस्तं माणसाच्या जागी हवा खोरं घेऊन उभी हाय. साहेब लय हसले. आन दुसऱ्या महिन्यात मला केरसुणी सोडून टेबलावर घेतलं.

बायकांचं टेबल म्हणत्यात त्येला कंपनीत. मंगल त्या टेबलावरची, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिनं मला स्प्रिंग कशी बशिवायची ते शिकवलं, आन रबराची चकती बशिवताना नख लागू द्यायचं न्हाई ते बी शिकवलं, नख लागलं की बोटावर पान्यानं टिचकी मारायची. बाकीच्या पोरी आमच्या मागनं आल्या. समद्या जोडायच्या आन माझ्याकडं शेवटचं काम, जोडलेला वॉल्व पाण्याच्या टाकीत बुडवायचा, हवा द्यायची, आन बगत बसायचं बुडबुडा येतोय का. एक जरी बुडबुडा आला तरी माघारी. मला ते काम लय आवडतंय. पाणी निवांत असतंय, आपुन निवांत असतो, आन आपल्याला कळतंय की हे दार आता पक्कं हाय. लेकीचं शिक्षण त्या टाकीवरच झालं, आता ती कराडला नर्स हाय.

खंडेनवमी आमच्यात जोरात असती. मशिनी पुसून लख्ख करायच्या, झेंडूच्या माळा, पाने-पकडी पाटावर मांडायच्या, आन मधी त्या वर्सातला चांगला वॉल्व ठेवायचा. कंपनीच्या मालकीणबाई पयलं कुंकू लावायच्या, मग बाकीच्या बायका. मी तवा टाकीपाशी उभी ऱ्हायची, टाकीचं कायतरी काम काढायची उगंच. मला कुणी नगं म्हणलं न्हाई ताई, खोटं का बोलू, मीच जायची न्हाई. वाटायचं आपल्या हातानं कायतरी वाईट झालं तर. मंगल पेढा आणून द्यायची आन डोळं वटारायची, पण ती बी कधी काय म्हणली न्हाई.

आता ज्येच्यासाठी तुमाला बसवलंय ते सांगते. एका वर्साला दिवाळी झाली आन सांगलीकडच्या एका डेअरीतनं फोन आला. आमचे नवे वॉल्व तितं बसलेले. डेअरीत नळ गरम पाण्यानं धुत्यात, त्यात धुयाचं औषध असतंय, धुऊन झालं की त्या पाण्याचं दार बंद व्हायला पायजे आन मगच दूध यायला पायजे. तर ते दार वेळंवर बंदच होईना. सावकाश व्हायचं, कवा अर्धंच व्हायचं. एकदा धुयाचं पाणी दुधात गेलं. देवाची किरपा, त्येंच्या तपासणीत घावलं, कुणाच्या पोटात गेलं न्हाई, पण आख्खी टाकी गटारीला सोडावी लागली. पाणी सांडलेलं मला सोसत न्हाई, हे तर दूध.

कंपनीचे मालक शेडमधी आले. म्हणले दुसऱ्या कंपन्यांचे वॉल्व त्याच डेअरीत त्याच नळाला बरे चालत्यात, आपलेच अडकत्यात, म्हंजी जोडण्यात खोट हाय. मग म्हणले, ह्ये टेबल मोडू, जोडलेला माल भाईरनं घेऊ, हितं नुसता खोक्यात भरू. मालक वाईट न्हाईत, पण त्येंनी ते शांतपणे सांगितलं आन त्येचंच मला भ्या वाटलं, भांडून सांगितलं आसतं तर मंगलनं बगून घेतलं आसतं. खोक्यात भरायला एवढ्या बायका कशाला लागत्यात, ते समद्यांना कळत होतं. माझी लेक तवा शिकतच होती. मी घरी येऊन भाकरी थापली आन खाल्लीच न्हाई.

दीपक साहेब मालकांस्नी म्हणले, आदी जाऊन बगतो, मग काय ते ठरवू. आन माझ्याकडं वळून म्हणले, शालनताई तुमी चला, शेवटचा हात तुमचा हाय. साहेबांच्या गाडीत फुडं बसून मी सांगलीला गेले. सातारा गेलं, कराड गेलं, दोन्ही बाजूला ऊस आन ऊस, मी खिडकीतनं दारं धरणारी माणसं बगत होते आन मनात एकच, की बुडबुडा माझ्या नजरंतनं सुटला असंल का. साहेब म्हणले ताई काळजी करू नगा, मी म्हणलं व्हय, आन काळजी केली.

डेअरीत समदं चकाचक, पायात पाणी, डोक्याला टोपी घालायला लावली. डेअरीचे मॅनेजर पुढं, आन संगं एक म्हातारं माणूस, अण्णा म्हणत्यात समदी, त्या नळांवर वर्सानुवर्सं कामाला. अण्णा वॉल्ववर हात फिरवत चाललेलं, गोठ्यातल्या म्हशीवरनं फिरवावा तसा, आन म्हणायचं हे पोरगं अडून बसतंय, हे त्येच्या मागचं बी अडून बसतंय. साहेबांनी हवा दिली, वॉल्व उघडला. हवा सोडली. आन फुस्स आलाच न्हाई. मी आन साहेबांनी एकमेकांकडं बगितलं. साहेबांनी पान्यानं ती पितळी टोपी काढली, तसा हवेचा एकदम भपकारा आला आन वॉल्व खाडकन बंद झाला. स्प्रिंग बरी, रबर बरं, जोडणी बरी. हवेची वाटच बुजलेली.

मॅनेजर म्हणले गंजलीय टोपी, बगा की लाल झालंय आतनं. साहेब म्हणले पितळ आसं लाल गंजत न्हाई, आन नखानं खरवडायला लागले, त्येंना बी कळंना काय हाय. मग माझ्या हातात दिली. मी तळव्यावर घासली तर तेलकट लाल डाग उठला. आवं ताई, ते कुंकू होतं. मला ते वळखायला कितीसा येळ लागणार, आदी लावलेलं आन मग न लावलेलं, ते तर जास्तच ध्यानात ऱ्हातंय. मी त्या डागावर मूठ मिटली.

मी वर बगितलं तर अण्णा हातातल्या फडक्याला पीळ घालत होतं. तोंड पार उतरलेलं. मला समदं कळलं. खंडेनवमी. वॉल्वच्या अंगावर चकचकीत काय, तर ती पितळी टोपी, देव्हाऱ्यातल्या टाकासारखी, मग बोट तिथंच जाणार की. आन दुसऱ्या कंपन्यांची टोपी प्लास्टिकची, प्लास्टिकला कोण कुंकू लावतंय. म्हणून आमचेच वॉल्व अडकत होते.

आता बोलावं तर म्हाताऱ्याची नोकरी जातीया, न बोलावं तर आमचं टेबल जातंय. मी म्हणलं हात धुते. अण्णा साबण दाखवायला माझ्या मागनं आलं. मी नळाखाली हात धरला आन हळूच म्हणलं, अण्णा, खंडेनवमी लय झोकात केलेली दिसतीया. त्येंनी डोळ्याला फडकंच लावलं. म्हणलं, आक्का, दरसाल करतोय गं, हितं समदं वल्लं असतंय, कोरडं कुंकू ऱ्हाईना, म्हणून औंदा तेलात कालवून लावलं, दुसऱ्या दिवशी वरनं धुऊन बी काढलं, आत मुरलं असंल ते काय ठावं, मला वाटलं नवी पोरं आल्यात, त्येंचं चांगलं व्हावं. मी म्हणलं, अण्णा, मी काय बोलत न्हाई, पण माझ्या मागं टेबलावर बाया हायत, त्येंची रोजी त्या टोपीत अडकलीया. बस, एवढंच म्हणलं. लय जड गेलं मला ते म्हणायला.

अण्णानं टोपी डोक्यावर नीट केली आन सरळ मॅनेजरपुढं जाऊन उभं ऱ्हायलं. म्हणलं साहेब, गंज न्हाई, कुंकू हाय, आन म्या लावलंय. मॅनेजरचं तोंड लाल, म्हणले अण्णा तुमाला आक्कल हाय का, मशिनीला तेलकुंकू, दूध गटारीला गेलं त्येचं काय. अण्णा खाली मान घालून म्हणलं, चुकलंच साहेब, पण नारळ तुमीच फोडलासा, आन म्या कुंकू लावत होतो तवा ताट तुमीच धरलं हुतंसा, म्हणला बी हुतासा की अण्णा, ह्यो कोपऱ्यातला ऱ्हायला बगा. दीपक साहेबांनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. मग मॅनेजरच हसायला लागले, हसता हसता टेकले तितंच पायरीवर. अण्णाला कुणी काय केलं न्हाई. उलट चहा आला समद्यांना, अण्णानं माझ्या कपात साय घातली.

येताना पेठ नाक्यावर थांबलो. साहेब म्हणले आता आपली बी टोपी प्लास्टिकची करून टाकू, मिटलं. मी म्हणलं साहेब, टोपी बदला, पण त्येनं मिटत न्हाई, कुंकू तर लावणारच आपली माणसं, हितं न्हाई तर तितं, उद्या दुसऱ्या भोकात बोट घालतील. पाण्याला हाटकायचं न्हाई, वाट द्यायची. कुंकवाला जागा करून द्या. साहेबांनी चहा बाजूला ठिवला, खिशातनं पेन काढून बिस्किटाच्या पुड्यावरच चित्र काढलं. वॉल्वच्या अंगावर पुढनं, मधोमध, रुपयाएवढी पितळेची चकती. मी म्हणलं कपाळ दिलं की वो वॉल्वला. साहेब म्हणले ह्येच्यावर कायतरी लिहू का, हितं कुंकू लावा म्हणून. मी म्हणलं काय लिहू नगा, निस्ती चकचकीत ठेवा, बोट आपसूक जातंय.

मालकांस्नी साहेबांनी समदं सांगितलं. मालक पयल्यांदा विश्वासच ठेवंनात, मग म्हणले बरं झालं गेलात. टेबल ऱ्हायलं. मंगलनं पोरींना भेळ दिली आन मला पान्यानं टिचकी मारली, म्हणली एवढं रडवलंस उगंच, आन मग स्वताच रडली.

पुढच्या खंडेनवमीला सांगलीहनं अण्णानं हळद पाठवली, घरच्या रानातली, आक्काच्या कंपनीला म्हणून. पाटावर मधी नवा वॉल्व, कपाळवाला. मी आपली टाकीपाशी. मालकीणबाईंनी ताट घेतलं, आन थांबल्या, म्हणल्या, ह्येला कपाळ ज्येनं दिलं त्येनंच पयलं लावावं. समद्यांनी माझ्याकडं बगितलं. मी म्हणलं मी कशी, आवं मी न्हाई. तशी मंगल आली, माझा हात धरला आन टाकीपासनं ओढतच नेलं, म्हणली तुझ्या हातनं गेल्याबिगर एक वॉल्व गेटाभाईर जात न्हाई, तवा तुझा हात चालतो व्हय, आन आता चालत न्हाई व्हय. हळद लावली, कुंकू लावलं. त्या चकतीवर ते आसं बसलं, गोल, ठसठशीत. बोटाला कुंकू उरलं होतं. आमच्यात बोटाला उरलेलं कुंकू ताटाला पुसत न्हाईत. मी वाईच तशीच उभी ऱ्हायले, आमच्या ह्यांची याद आली, वाट द्यायची म्हणायचे ती. आन बोट वर गेलं माझं. माझ्या माझ्या कपाळाला टेकलं. शेडमधी निस्ता कॉम्प्रेसर चालू होता. मग मंगल म्हणली, वाईच डावीकडं गेलंय गं. मी म्हणलं आसू दे.

तवापासनं लावते. ट्रंकंतला करंडा आता आरशापाशी हाय. सासरी कायजणी नाकं मुरडत्यात, कायजणी हळूच इचारत्यात तुला काय झालं का गं वंगाळ, मी म्हणते काय झालं न्हाई, बरंच झालं. अण्णा आता रिटायर झालंय, पण फोन करतंय, म्हणतंय नव्या वॉल्वच्या कपाळावर लावत्यात का लोकं, मी म्हणते लावत्यात, जिथं जिथं वॉल्व जात्यात तिथं तिथं लावत्यात. गुडघं दुखत्यात माझं, पण टाकीपुढं स्टूल दिलंय साहेबांनी. आन दुसरं काय पायजे. उठा ताई, झालं माझं, पण बाईमाणूस माझ्या दारातनं आसंच जायाचं न्हाई, वाईच पुढं या, कपाळ करा हिकडं. हां. वाकडं लागलं तर लागलं, सुखात ऱ्हावा.